आजोबांच्या ट्रंपेटचं वय

आमच्या शाळेच्या बँडचा एक नियम आहे. वर्धापनदिनाला पडदा उघडायच्या आधी पहिला सूर लावायचा तो बँडमधल्या सगळ्यात जुन्या ट्रंपेटने. वाजवणाऱ्याचे मार्क, वय, वशिला, काही चालत नाही. वय बघतात ते ट्रंपेटचं. आणि यंदा सगळ्यात जुना ट्रंपेट माझा होता! माझ्या पुढच्या ताया-दादा आपापली वाद्यं घेऊन कॉलेजात गेले होते आणि मी आरशासमोर उभी राहून तो एकच सूर इतक्यांदा लावला होता, की शेजारच्या काकू मला 'भोंगा' म्हणायला लागल्या. मग घरचे आणि शाळेतलेही म्हणायला लागले. म्हणोत बापडे.

आणि मग साखर आली.

साखर म्हणजे माझी मावसबहीण. गोड बोलते म्हणून साखर. केस माझ्यापेक्षा लांब, अक्षर माझ्यापेक्षा वळणदार, आणि आता आमच्याच शाळेत, आमच्याच बँडमध्ये. येताना बाईसाहेब घेऊन आल्या आजोबांचा ट्रंपेट. आमच्या आयांच्या वडिलांचा.

मावशीने पहिल्याच दिवशी बँडच्या सरांना त्याची गोष्ट ऐकवली. "मी जन्मले ना, तेव्हा बाबांनी दवाखान्याच्या आवारात उभं राहून हाच वाजवला. नर्स ओरडतेय आणि हे थांबतच नाहीत!" सगळा बँड "ओऽऽ" म्हणाला. ढोलवालासुद्धा.

ही गोष्ट मला तोंडपाठ आहे. आईलाही. आईच्या जन्माला आजोबांनी काहीच वाजवलं नव्हतं. "तेव्हा त्यांना दम लागायचा," असं आई म्हणते आणि हातातलं भांडं जरा जोरात ठेवते. माझ्या वेळी तर आजोबाच नव्हते. म्हणजे गोष्ट मावशीकडची, ट्रंपेट मावशीकडचा, आणि आता पहिला सूरही त्यांचाच? पान वाढलेलं माझं, आणि जेवायला बसणार साखर!

सर म्हणाले, "गोष्टीवर नको, नंबरावर ठरवू. भोंगा, नंबर तूच बघ."

मी बघणार, कारण माझे बाबा वाद्यं दुरुस्त करतात. दुकान घराच्या पुढच्याच खोलीत आहे. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि ते पट्टी बांधून आतल्या खोलीत पडून होते, त्यामुळे सध्या दुकानाची मालकीण मीच.

"पण सर, तिचा स्वतःचाच ट्रंपेट शर्यतीत आहे," कोणीतरी कुजबुजलं.

"असू दे," साखर म्हणाली. "माझी बहीण आहे ती. खोटं कशाला सांगेल?"

बघा! असं बोलते, की आपला राग कुठे ठेवावा तेच कळत नाही.

ट्रंपेटला बोटांनी दाबायचे तीन व्हॉल्व्ह असतात. मधल्याच्या नळकांड्यावर कंपनीने नंबर ठोकलेला असतो. आजोबांच्या बोटांनी तो झिजून गेला होता. मी त्यावर खडूची पूड चोळली, फुंकर मारली, टॉर्च तिरका धरला, आणि आकडे एकेक करून वर आले. दुकानातल्या कपाटाच्या दाराला आतून त्या कंपनीचा तक्ता चिकटवलेला आहे, कोणत्या वर्षी कुठपर्यंतचे नंबर निघाले त्याचा. माझाही ट्रंपेट त्याच कंपनीचा. मावशी पहिलीत होती तेव्हाचा.

आणि आजोबांचा? मावशी नववीत होती तेव्हाचा!

मी पुन्हा बघितलं. नववीच. मी स्टुलावर चढून नाचले. मग उतरून आणखी नाचले, कारण स्टूल डगमगत होतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी फोनवर माझा तक्त्याचा फोटो पाहिला आणि म्हणाले, "मग भोंगाच." साखर माझ्याकडे बघून "अभिनंदन हं" म्हणाली, पण तिचे डोळे भरले होते. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

घरी आईला सांगितलं, तर ती पोळपाट सोडून माझ्याकडे वळली. "नववीत? मग ताईच्या जन्माला काय वाजवलं, शिट्टी?" आणि इतकी हसली, की मला मनापासून बरं वाटलं. जळण्याच्या बाबतीत आम्ही मायलेकी एकाच माळेचे मणी.

त्यात भर म्हणजे तालमीत साखरेचा सूर लागेना. ट्रंपेटमधून घसा बसलेल्या बदकासारखा आवाज यायचा. मी मान खाली घालून, गाल आत ओढून हसायचे.

मग एका दुपारी ती दुकानात आली.

"भोंगा, माउथपीस बसतच नाही गं नीट. हलतो. जरा बघ ना."

"माउथपीस नाही हलत, तू हलतेस," मी म्हटलं. "नाचता येईना, अंगण वाकडं."

"असेल. पण बघ ना."

माउथपीस म्हणजे ओठांना लावायचा सुटा तुकडा, त्याचा दांडा ट्रंपेटच्या नळीत बसवतात. बाबांच्या खणात बेवारशी माउथपीसांचा ढीग असतो. तिची जिरवायची म्हणून मी त्यातला सगळ्यात बारक्या दांड्याचा उचलला. "घे. हा बाळाचा. हा तरी बसतो का बघ."

तो सर्रकन आत गेला आणि टप् करून घट्ट बसला.

साखरेने फुंकलं. माझ्या ट्रंपेटचा सूर भाल्यासारखा निघतो. हा तसा नव्हता. हा गोल होता, उबदार होता, आणि खोलीतल्या प्रत्येक वस्तूला हात लावत फिरला. तिचं नशीब बघा, बदकाची कोकिळा झाली आणि तीही माझ्या हाताने!

आतून बाबांनी हाक मारली, "भोंगाऽ, कॉर्नेट कोणाचा आलाय गं?"

"रेडिओ आहे, बाबा!" मी ओरडले. उगाच. तोंडातून निघून गेलं.

मग डोक्यात उजेड पडला. कॉर्नेट! ट्रंपेटचा चुलतभाऊ. एरवी बुटका, गुबगुबीत असतो. पण काही कंपन्या तो लांब, अगदी ट्रंपेटसारखा बनवायच्या, असं बाबांनी एकदा सांगितलं होतं. फरक एवढाच, की त्याला बारक्या दांड्याचाच माउथपीस लागतो.

मी कपाट उघडलं. तक्त्यात दोन रकाने आहेत. डावीकडे ट्रंपेट, उजवीकडे कॉर्नेट, आणि दोघांचे नंबर वेगवेगळे मोजलेले. आमच्याकडे कॉर्नेट कधी येतच नाही, म्हणून उजवा रकाना मी आजवर वाचलाच नव्हता. आता वाचला. तोच नंबर, पण साल दुसरंच. मावशीच्या जन्माच्या आदल्या वर्षीचं.

मी कपाट बंद केलं. साखरेला काही कळलं नव्हतं.

"किती छान वाजतोय गं," ती म्हणाली आणि तिचा चेहरा उतरला. "पण आता काय उपयोग. आई हा विकून टाकणार आहे. म्हणते, बाबांनी मला जन्मभर खोटंच सांगितलं. भिंतीवरचा आजोबांचा फोटोही उतरवून ठेवलाय तिने."

म्हणजे मी नुसतं गप्प बसायचं होतं. ट्रंपेट गेला असता, तो आवाज गेला असता, आणि पहिला सूर शाळा सोडेपर्यंत माझा. इतकं सोपं. मी कपाटाच्या दाराला पाठ लावून उभी होते आणि डोळ्यांसमोर तो भिंतीवरचा रिकामा खिळा येत होता. जळायचं ते साखरेवर, आजोबांना खोटं पाडून कशाला? ते काय तिचे एकटीचे आजोबा होते? माझेही होते की!

"हा ट्रंपेट नाहीये," मी म्हणाले.

"आता हेही खोटं?" ती जवळजवळ रडलीच.

"ऐक तरी, साखरे!" मी तिला दंडाला धरून तक्त्यापुढे उभं केलं आणि उजव्या रकान्यावर बोट ठेवलं. मग मावशीला फोन लावला. सगळं सांगून झालं. मग पलीकडून जोरात नाक शिंकरल्याचा आवाज आला.

"म्हणजे वाजवला होता त्यांनी."

"हो, मावशी. तेव्हा होता तो त्यांच्याकडे."

"आणि नर्स ओरडली होती."

"ते तक्त्यात नाही, मावशी."

सरांनाही सांगावं लागलं. सगळ्या बँडसमोर मी म्हटलं, "सर, मी चुकीचा रकाना वाचला. साखरेचं वाद्य सगळ्यात जुनं आहे." आणि दातांवर दात दाबून उभी राहिले. गलका झाला. कोणी म्हणे साखर, कोणी म्हणे भोंगा. सरांनी साखरेचं वाद्य हातात घेतलं, माउथपीस काढून पाहिला, परत बसवला.

"नियम काय आहे? सगळ्यात जुना ट्रंपेट. हा कॉर्नेट आहे. पहिला सूर भोंगाचाच."

मी इतक्या जोरात "येस्स!" ओरडले, की बाजूच्या वर्गातल्या बाई बघायला आल्या. साखरेने मला मिठी मारली. मारणारच. ती साखर आहे.

वर्धापनदिनाला मी सूर लावला. अगदी सरळ आणि लखलखीत, शेवटच्या रांगेपर्यंत पोचलेला. टाळ्या! दुसऱ्या रांगेत आई फोन उंच धरून माझा व्हिडिओ काढत होती. मला वाटलं, आता जगात काही नको.

मग तिसऱ्या गाण्यात कॉर्नेटच्या एकट्याच्या दोन ओळी आल्या. आईने फोन मांडीवर ठेवला. तिने शेजारी बसलेल्या मावशीचा हात धरला आणि डोळे मिटले.

माझ्यासाठी व्हिडिओ. त्याच्यासाठी डोळे मिटून! मी ट्रंपेट मांडीवर घेऊन बसले होते आणि कानांच्या पाळ्यांपर्यंत जळत होते.

कार्यक्रम संपल्यावर मी रंगमंचामागे साखरेला गाठलं. "दे ना एकदा वाजवायला."

"घे की," ती म्हणाली आणि लगेच दिला.

मी पाय रोवले, श्वास भरला, फुंकलं. बदक.

पुन्हा फुंकलं. तेच बदक, जरा मोठं.

"माउथपीस हलतोय," मी म्हणाले.

"माउथपीस नाही हलत," साखर म्हणाली. इतकं गोड म्हणाली, इतकं गोड!