मेंढरांच्या वाड्यातला चहाडखोर

मी एक जुना, काचेच्या तोंडाचा मोबाईल आहे. माझ्या अंगावर बटणं नाहीत, बोट लावलं की चित्रं सरकतात. एवढ्या भांडवलावर सोनारीच्या यात्रेत एका पथारीवाल्यानं मला "स्मार्टफोन" म्हणून विकलं. मलाही ते खरं वाटलं. मित्रांनो, आपल्याविषयी कुणी चांगलं बोललं की आपण तरी कुठं चौकशी करत बसतो?

मला विकत घेतलं शिवराजनं. तो पुण्याकडं कारखान्यात नोकरीला. त्याचे वडील हरिबा मेंढपाळ. सुगी सरली की ते मेंढरांचा वाडा, म्हणजे कळप आणि बिऱ्हाड, घेऊन तुळजापूरच्या बाजूला रानोरान फिरतात. बरोबर शिवराजची बायको ज्ञानेश्वरी असते. बायकोशी आणि वडिलांशी बोलता यावं म्हणून शिवराजनं मला त्यांच्या हवाली केलं आणि एसटी धरली.

सुरुवातीचे दिवस माझ्या कौतुकाचे होते. कोकराला हगवण लागली तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांना मीच बोलावलं. ज्ञानेश्वरी मला पदरानं पुसायची. गावाकडं असलेल्या तिच्या आईच्या, बानूबाईच्या, डोळ्याचं ऑपरेशन झालेलं होतं, म्हणून रोज संध्याकाळी ती माझ्यावरून आईची खुशाली विचारायची. तिचा आवाज इतका हळू असायचा की मला कान टवकारून ऐकावा लागे.

पण हरिबांनी मला हातात धरलं ते कायम विंचू धरावा तसं. "हे काचंचं बेनं लई आगाऊ दिसतंय," ते म्हणायचे. "आपुन बघतो ह्याच्याकडं, पर हे कुनाकडं बघतंय?"

त्यांच्या संशयाला कारणही मिळालं. शेतकऱ्याच्या मोकळ्या रानात मेंढरं रात्रभर बसली की जमिनीला खत मिळतं आणि मेंढपाळाला त्याबदली ज्वारी. म्हणून चांगलं रान आधी कोण गाठतो यावर सगळं असतं. यंदा हरिबांनी फोनवर रान ठरवावं आणि सकाळी जाऊन बघावं, तर तिथं बब्रुवानाची मेंढरं आधीच बसलेली! हा बब्रुवान म्हणजे ज्ञानेश्वरीचा सख्खा भाऊ. सोयरे म्हणून दोन्ही वाडे एकाच ओढ्याच्या दोन काठांना उतरत.

"ह्यो स्मार्ट हाय," हरिबांनी निकाल दिला. "आपलं बोलनं चोरतो अन् तिकडं पोचवतो." त्या दिवसापासून मला पालथं ठेवायला लागले. पुढं तर ज्वारीच्या पिठाच्या डब्यात, पिठाखाली. माझ्या कानात पीठ गेलं. आजही कुणी बोललं की आधी खरखर ऐकू येते.

खरं कारण मला ठाऊक होतं. हरिबांचा जन्म माळावर हाका मारण्यात गेलेला. फोनवरचा माणूस जितका लांब, तितका आवाज मोठा, असं त्यांचं साधं गणित. तामलवाडीचे शेतकरी आण्णासाहेब यांच्याशी रानाचं बोलायचं म्हणजे आवाज तामलवाडीला पोचला पाहिजे! ओढ्यापलीकडं बब्रुवान भाकरी खाता खाता सगळं ऐकायचा आणि पहाटे मेंढरं उठवायचा. मी हे सांगणार कसं? मला दुसऱ्याचं बोलणं पोचवता येतं, स्वतःचं एक अक्षर नाही.

शेवटी ज्ञानेश्वरीच सासऱ्यांना म्हणाली, "मामा, दुकानात दाखवू. काय असंल ते कळंल." तामलवाडीला महांतेशचं मोबाईलचं दुकान आहे. त्यानं मला उलटंसुलटं केलं, माझ्या पोटात डोकावून पाहिलं आणि तो हसला.

"काका, ह्यो स्मार्ट न्हाय."

"काच हाय की त्याला!"

"काचंनं कोन स्मार्ट होतं व्हय? ज्याच्या आत तसली सिस्टीम असती, नेटवरनं आपल्याला पायजे ते नवं ॲप टाकता येतं, त्यो स्मार्ट. नकाशा टाका, बँक टाका, शिकायचं टाका. ह्याच्यात कंपनीनं घातलं तेवढंच. फोन, मेसेज, गानी, फोटू. बास."

"मग आमी कुठं हाय ते सांगतो का न्हाय ह्यो?"

"तुमी कुठं हाय ते ह्यालाच ठाव न्हाय, दुसऱ्याला काय सांगनार?"

मला वाटलं होतं, आता माझी सुटका झाली. मला वाईटही वाटलं, कारण इतके दिवस मी स्वतःला हुशार समजत होतो. पण वाड्यावर पोचल्यावर हरिबांनी ज्ञानेश्वरीकडं पाहिलं.

"फोन सांगत न्हाय. मग कोन सांगतं?"

हरिबांनी मला स्वतःच्या बंडीच्या खिशात घातलं. "आजपासनं म्हायेरला फोन बंद."

मित्रांनो, त्या क्षणी मला फार लाज वाटली. मी निर्दोष ठरलो आणि माझ्यावरचा आळ तिच्यावर गेला. मीच चहाडखोर निघालो असतो तर बरं झालं असतं. खिशात मी वाजायचो, बानूबाईचं नाव काचेवर यायचं, आणि हरिबा मला दाबून गप्प करायचे. ज्ञानेश्वरी चुलीपाशी पाठ करून बसलेली असायची. ती एकदाही मागं वळून बघायची नाही.

मग आण्णासाहेबांचं रानही गेलं. हरिबा पोचले तेव्हा बब्रुवान बांधावर उभा. "तुझ्या भनीनंच सांगितलं न्हवं?" हरिबा गरजले.

बब्रुवान चकित झाला. "तिनं? मामा, तिचा आवाज ऐकाया आई गावाकडं रडतीया. तुमीच सांगता की! वढ्याच्या आमच्या अंगाला बसून समदं ऐकू येतं. मला वाटलं, तुमाला ठाव असंल."

हरिबांना हेही खरं वाटेना. संध्याकाळी त्यांनी बब्रुवानाला ओढ्यापलीकडं उभं केलं आणि शिवराजला फोन लावला. बोलणं संपायच्या आत पलीकडून हाक आली, "मामा, पावन्यांना आमचाबी रामराम सांगा!"

हरिबा खाली बसले. मग त्यांनी मला धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि ज्ञानेश्वरीपुढं धरलं. "आईला लाव, पोरी."

तिनं नंबर लावला. मग तिनं माझा स्पीकर चालू केला आणि सासऱ्यांसमोर उभी राहून, सगळ्या रानाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आई, डोळा कसा हाय?"

"हळू बोल, पोरी," हरिबा म्हणाले. "आमी न्हाय ऐकत." आणि ते मेंढरांमागं दूर चालत गेले. स्पीकर तसाच चालू राहिला.

मित्रांनो, मला जपा, पिठात पुरू नका, हे तर मी सांगेनच. पण माझी खरी विनंती वेगळी आहे. वस्तूवर खुशाल संशय घ्या, ती दुकानात नेऊन तपासता येते. घरच्या माणसावर घेताना मात्र थांबा. आता ज्ञानेश्वरीला कुणी काही म्हणत नाही. मी दिवसभर तिच्याचकडं असतो. तरी आईशी बोलताना ती आजही स्पीकर लावते.