खंडेनवमीच्या बाटल्या

शालिग्राम कंपाउंडर माणूस देवभोळा, आणि तिथंच सगळं बिनसलं. धाड गावापासून दोन कोसांवरच्या त्या सरकारी दवाखान्यात जहरी औषधांचं कपाट वेगळं होतं. त्याला कुलूप, आणि दारावर नागपूरचा छापील हुकूम, की आतली बाटली बाहेरच्या बाटल्यांत मिसळायची नाही. आठ वर्षं त्यानं तो पाळला. पण खंडेनवमीला डॉक्टर बुलढाण्याला गेलेले, आणि हत्यारांची पूजा तर मांडायची. शेतकरी वखर धुतो, सुतार करवत धुतो, मग कंपाउंडरची हत्यारं कोणती? तराजू, खल, बाटल्या. जहराची बाटली तेवढी पूजेतून वगळली तर तिचा कोप होईल, असं या शहाण्याच्या डोक्यात आलं. त्यानं कुलूप काढलं. आता बोला!

त्याची बायको रुखमाबाई कामाला हौशी. तिनं विहिरीवर बसून एकूणएक बाटली राखेनं घासली. नावांच्या चिठ्ठ्या भिजून सुटल्या, त्या केरात गेल्या. हळदकुंकू लावून बाटल्या पाटावर मांडल्या, शालिग्रामनं डोळे मिटून आरती केली आणि नैवेद्य घेऊन तो मारुतीला गेला.

दसऱ्याच्या सकाळी बाटल्या जागेवर लावायला बसला, तेव्हा झालेला घोळ त्याच्या ध्यानात आला. बाकीची औषधं रंगावरून, वासावरून ओळखू आली. दोन राहिल्या. एकीत हिवतापाचं कोयनेल, दुसरीत पिसाळलेली कुत्री मारायला आणलेलं कुचल्याचं सत्त्व. दोन्ही भुकट्या पांढऱ्या, दोन्हींना वास नाही, आणि जिभेला दोन्ही सारख्याच कडू. चाखून कळणार नव्हतं, आणि चाखायची छातीही नव्हती.

डॉक्टरांना सांगावं तर नोकरी गेलीच. न सांगावं तर कोणाचा तरी जीव जायचा. मेल्या, काय करून बसलास, असं तो स्वतःलाच म्हणत होता. तरी हातानं दोन नव्या चिठ्ठ्या लिहिल्या, खळ कालवली. डावीकडची जरा जास्त वापरलेली दिसत होती, म्हणजे तीच कोयनेलची, असं त्यानं मनाला पटवलं.

तेवढ्यात कडूबा दारात आला. नदीकाठी त्याचा भाजीचा मळा. घरी बायको होतीच, आता भाऊही तापानं पडलाय, त्याच्यासाठी एक पुडी द्या, म्हणाला. शालिग्रामनं डावीकडच्या बाटलीचं बूच काढलं. चमचा भरून काढला, पण तो पुडीच्या कागदावर रिता करवेना; भुकटी परत आत ओतली. त्यानं बूच परत लावलं. लाज वाटत होती, तरी सुटल्यासारखंही वाटलं.

"कडूबा, या दोनातल्या एकीत जहर हाय. कोणतीत, ते मले माहीत नाही."

कडूबा पुढं होऊन दोन्ही बाटल्या न्याहाळू लागला.

"मंग काल वयनीनं मले कोणत्या बाटलीतली देल्ली?"

काल शालिग्राम मारुतीला गेला असताना कडूबा दवाखान्यात येऊन गेला होता. त्याच्या बायकोला, अंबूबाईला, एक दिवसाआड पाळीनं येणारा हिवताप, बिचारा काकुळतीला आलेला, म्हणून रुखमाबाईनं आपल्या हातानं पुडी बांधून दिली. आज ताप यायचा दिवस. थंडी वाजायच्या आधी घे, असं बायकोला सांगून कडूबा निघाला होता. शालिग्रामनं रुखमाबाईला हाक मारून विचारलं. पांढऱ्या भुकटीची जी बाटली हाताशी होती तिच्यातली दिली, म्हणाली.

शालिग्राम आणि कडूबा धावत सुटले. मळ्यात पोचेपर्यंत शालिग्रामचे वाटेतल्या सगळ्या देवांना नवस बोलून झाले होते.

अंबूबाई ओसरीत घोंगडी पांघरून बसली होती. पुडीचा कागद शेजारी, रिकामा. सणाच्या दिवशी कंपाउंडर आपल्या पायांनी घरी आला याचंच तिला अप्रूप. औषध लई कडू होतं, म्हणाली. कडूच असतं, एवढंच शालिग्राम बोलला आणि तिच्यासमोर खाली बसला. कुचला चढला की आधी मान ताठ होते, हे त्यानं पुस्तकात वाचलेलं होतं. त्याची नजर तिच्या मानेवरून हलेना.

कंपाउंडर भाऊले गूळपाणी द्या, असं तिनं नवऱ्याला सांगितलं. कडूबा जागचा हलला नाही. ती स्वतःच उठायला गेली, पण थांबली आणि तिनं हात मानेमागं नेला.

"भाऊ," ती म्हणाली, "माही मान काऊन आखडून राह्यली?"