नोए आणि बंदरावरची मांजरं

वाळूवर सील पसरला की येणारा प्रत्येक पाहुणा हटकून एकच प्रश्न विचारतो, "मेलाय का हो?" माझं उत्तर ठरलेलं आहे. "नाही हो, जेवून वामकुक्षी चाललीय. दुपारी तुम्हाला कुणी काठीनं ढोसलं तर चालेल का?"

"किकी, जरा गोड बोल गं. पाहुणे आहेत ते," मासाकाका म्हणतात. मासाकाकांनी बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात उभी हयात घालवली आणि आता माझ्यासारखेच ते बिनपगारी पहारेकरी झालेत. आमच्या कौआई बेटावर सील वर आला की आम्ही त्याच्याभोवती लांबून दोर बांधतो. मग दुर्बिणीतून तो कोण ते ओळखायचं आणि सीलांची नोंद ठेवणाऱ्या ऑफिसला फोन करायचा, एवढंच आमचं काम. हात लावायचा नाही, जवळ जायचं नाही.

मला दुर्बीण लागायची नाही ती एका नोएला ओळखायला. डाव्या कुशीवर शार्कच्या दातांची अर्धगोल खूण आणि मानेवर बोटभर पांढरा पट्टा. ती पहिल्यांदा आली त्या सकाळी डोंगरावरून धुकं उतरलं होतं, म्हणून माझ्या थोरल्या बहिणीनं, उलूताईनं, तिचं नाव नोए ठेवलं. नोए म्हणजे धुकंच. दोन वर्षांपूर्वी नोएला लेक झाली, तिच्याही मानेवर तसाच पट्टा आला. उलूताईनं तेव्हा आळीभर गोड वाटलं होतं, जसं काही हिचीच नात!

आणि हीच उलूताई रोज सकाळी बंदरावरच्या मांजरांना खाऊ घालते.

मांजरं मूळची कावेलोदाजींची. दाजी बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे आणि आपल्या डब्यातला मासा त्या रानटी टोळीला घालायचे. दाजी अचानक गेले तेव्हा ताईनं अंथरूण धरलं. बोलेना, जेवेना, माझा तर जीव टांगणीला लागला. एक दिवस आपणहून उठली आणि म्हणाली, "त्यांची मांजरं उपाशी असतील गं." त्या दिवसापासून माझी बहीण मला परत मिळाली. मग मी कशाला मांजरांना नावं ठेवू?

पण गेल्या वर्षी आम्हा पहारेकऱ्यांच्या शिबिरात सीलांच्या डॉक्टरीणबाईंनी एक गोष्ट सांगितली. मांजरांच्या विष्ठेत एक रोग असतो. पाऊस आला की तो ओहोळातून समुद्रात उतरतो आणि सीलांना लागतो, माद्यांना तर जास्तच. कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

दाजींची मांजरं बंदराजवळच्या ओहोळाच्या काठावरच राहतात. मी घरी येऊन ताईला सगळं सांगितलं.

"मांजरं काय कालची आहेत?" ताई उसळली. "आणि नोएला माझ्यामुळे काही होईल? तुझी जीभ कशी वळते गं?"

"तुझ्यामुळे नाही म्हणत मी, ताई. मांजरांमुळे."

"ती म्हणजे मीच!"

झालं, चार दिवस अबोला. मांजरं घरात कोंडावी तर एकही हाती लागत नाही. पिंजरा लावून पकडून दिली तर पुढे मारायची सुई ठरलेली. मासाकाकांना विचारलं तर ते म्हणाले, "धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, त्यातली गत आहे बाई." मग मी गप्प बसले. पाऊस आला की तेवढी ओहोळाकडे बघत राहायची.

या वर्षी नोए पुन्हा गाभण होती. पोट असं टम्म, की वाळूवर सरकताना धापा टाकायची. ताई म्हणाली, "या खेपेला मुलगा." मासाकाका म्हणाले, "पैज लावा."

मग एका सकाळी ती नेहमीच्या वाळूवर न येता बंदराच्या उतारावर सापडली, जिथून बोटी पाण्यात सोडतात तिथं. शेजारून ट्रक गेला तरी तिनं मान उचलली नाही. डोळ्यावर माशी बसली होती, तीही हलली नाही. तेवढ्यात ताई मांजरांचा रिकामा डबा घेऊन आली.

"झोपलीय ना गं?"

हजार वेळा दिलेलं उत्तर त्या दिवशी माझ्या तोंडातून फुटेना. दोराच्या अलीकडे मी, ताई आणि मासाकाका, आम्ही तिघं नुसती उभी. तिच्या अंगाला झटके येत होते आणि आम्ही बघत होतो. दुसरं काय करणार? डॉक्टरीणबाईंची माणसं आली, तिला पिंजऱ्यात घालून घेऊन गेली.

तिसऱ्या दिवशी मला फोन आला. नोए गेली, पोटातलं पिल्लूही गेलं. ताई नळाखाली मांजरांच्या वाट्या धूत होती.

"काय झालं होतं तिला?" तिनं मागं न बघता विचारलं.

"रोग होता कसला तरी."

"तू सांगितला होतास तोच ना?"

मला खोटं बोलता आलं नाही. ताईनं नळ बंद केला, वाट्या पालथ्या घातल्या आणि आत जाऊन निजली.

दुसऱ्या दिवशी ती उठली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. उशाशी ठेवलेल्या पोईवर, आमच्या अळूकंदाच्या लापशीवर, साय धरली. दाजी गेले तेव्हाचंच ते अंथरूण, तीच भिंतीकडे फिरवलेली पाठ. मी ओरडले, रडले, हातापाया पडले, पण ती दगडासारखी पडून राहिली.

शेवटी मीच डबा उचलला आणि बंदरावर गेले. मेली सगळी वाटच बघत होती. पायात घोटाळायला लागली. ओहोळ रात्रीच्या पावसानं गढूळ झाला होता. "गिळा," म्हटलं, आणि एकेक वाटी भरली.

घरी येऊन ताईच्या उशाशी बसले. "ताई, तुझा तो कानतुटका बोका माझ्या हातचं खाईना गं. उद्या तूच चल."

ती या कुशीवर वळली. "तो त्यांचा लाडका," म्हणाली, आणि पोईची वाटी पुढं ओढली. कानतुटक्यानं खरं तर वाटी चाटूनपुसून लख्ख केली होती.

आता ताई सकाळी बंदरावर जाते आणि मी दोर घेऊन किनाऱ्यावर. आज ओहोळाच्या तोंडाशी नोएची लेक येऊन पसरली होती. एक पाहुणा कॅमेरा सावरत आला.

"मेलीय का हो?"

"नाही," मी म्हटलं. "अजून नाही."