एकाच स्क्रूखालच्या तारा

रत्नागिरीचा आवाज चंद्रप्रकाशच्या सेटवर लख्ख आला आणि बाळकाकांना ते झोंबलं.

बोरिवलीतच, समोरच्या बिल्डिंगमध्ये, त्यांच्या स्वतःच्या सेटवर सकाळपासून नुसती खरखर होती. हॅम रेडिओत, या हौशी बिनतारी संभाषणात, त्यांची चाळीस वर्षं गेली. चंद्रप्रकाशला मोर्स त्यांनीच शिकवलं. आता शिष्याने गच्चीवर नव्या अँटेनाच्या बुडाशी प्रीॲम्प बसवला होता. काडेपेटीएवढी डबी, पण मेलेला आवाज जिवंत करणारी.

"काका, मी स्वयंपाकघरातून हाक मारली तर यांना ऐकू येत नाही," चहा ठेवत सुलक्षणा म्हणाली. "बायकोपेक्षा रत्नागिरी जवळ!"

"रत्नागिरी भाजी आणायला सांगत नाही ना गं," चंद्रप्रकाश नवऱ्याच्या थाटात म्हणाला.

बाळकाका हसले नाहीत. त्यांची नजर टेबलावरच्या उघड्या स्विचबॉक्सवर खिळली होती. माइकचं बटण दाबलं की आधी रिलेने, म्हणजे आपोआप वळणाऱ्या स्विचने, ती डबी वाटेतून बाजूला काढायची आणि मगच सेटने पॉवर सोडायची. इथे रिलेची आणि सेटची, दोन्ही तारा एकाच स्क्रूखाली आवळलेल्या, म्हणजे दोन्ही एकदमच चालू होणार. रिले वळायच्या आत पन्नास वॉट डबीत शिरणार. खलास.

सांगावं? त्यांनी चहाचा घोट घेतला. जळू दे. याच्याही नशिबी एकदा खरखर येऊ दे.

त्यांनी चहा संपवला आणि कप खाली ठेवला.

"घ्या काका." चंद्रप्रकाशने माइक पुढे केला. "नव्या अँटेनावर पहिली हाक गुरूची. आपली पद्धतच आहे."

रत्नागिरीवाला पुकारून थांबला होता. बाळकाकांचा अंगठा बटणावर टेकला. गप्प राहणं सोपं होतं. हे दाबणं म्हणजे स्वतःच्या हाताने काडी लावणं. अंगठा काही जोर देईना.

"दोन्ही तारा एकाच स्क्रूखाली आहेत रे," माइक खाली ठेवत ते पुटपुटले.

चंद्रप्रकाश वाकला. "आईशप्पथ! वाट लागली असती." त्याने स्क्रू ढिला केला, एक तार वेगळी जोडली. मग पेचकस हातातच राहिला.

"काका, तुम्हाला कधी दिसलं?"

खोटं बोलावं, हे सुचायच्या आत ते बोलून गेले, "चहा घ्यायच्या आधी."

चंद्रप्रकाशने रिकाम्या कपाकडे पाहिलं. माइक उचलला आणि पहिली हाक त्याने स्वतःच दिली.

उत्तर लगेच आलं. ते ऐकायला बाळकाका थांबले नाहीत. पण दारात चपला शोधताना एकेक शब्द त्यांना स्वच्छ ऐकू येत होता.