डाव्या हाताची टोपली

त्या टोपलीतून आसावरीबाईंना मिळणार होतं ते काही थोडंथोडकं नव्हतं. २००६ साल. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या संग्रहालयात, काचेच्या कपाटात, ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी बायकांच्या टोपल्यांशेजारी वर्षभर नाव. महाराष्ट्र मंडळाच्या स्मरणिकेत फोटो. शिवाय रांगोळीचं बक्षीस नेणाऱ्या नीनाचं तोंड कायमचं बंद. मंडळातल्याच भीमाबाईंची अपेक्षा एवढीच, की लेकाने, राकेशने, एकदा चारचौघांत म्हणावं, ही माझ्या आईने केली. भंडाऱ्याकडे त्यांनी जन्मभर शिंदीच्या पानांचे झाडायचे फडे बांधले होते. राकेश ते इथे कुणाला सांगत नसे.

तिथल्याच मरे नदीकाठच्या डोरीन आंटींनी मंडळातल्या बायकांना सहा रविवार शिकवलं; सगळ्यांतली एकच टोपली कपाटात जाणार होती. भिजवलेल्या लव्हाळ्याची जुडी गोल फिरवायची, दाभणाने मागच्या वेटोळ्याला टाचत न्यायची. आसावरीबाईंनी लव्हाळं भिजवलंच नाही. "कार्पेट ओलं होतं हो!" त्यांची टोपली चेपलेल्या बशीसारखी झाली. सगळ्यांच्या टोपल्या, नावांच्या चिठ्ठ्यांसकट, गाडीतून संग्रहालयात पोचवायचं काम मात्र त्यांनी हौसेने अंगावर घेतलं.

उद्घाटनाला भीमाबाई कपाटासमोर थबकल्या. निवडलेली टोपली त्यांचीच होती. राकेशने कार्ड वाचलं.

"काय लिवलं रे?"

"आसावरी." मग हळूच, "आई, जाऊ दे ना. इथे सीन नको."

"माही टोपली मी वळखत नाही का?"

"मावशी, सगळ्या सारख्याच दिसतात हो," आसावरीबाई गोड हसल्या. "गल्लत होतेय तुमची."

भीमाबाईंना इंग्रजी येत नव्हतं. प्रात्यक्षिकाच्या टेबलावरचं ओलं लव्हाळं त्यांनी उचललं आणि दाभण डाव्या हातात घेऊन उभ्याउभ्या दोन वेटोळी टाचली. ती उलटी फिरली, कपाटातल्या टोपलीसारखीच. टेबलावरच्या बाकी झाडून सगळ्या टोपल्या सुलट्या.

राकेशने कपाटाकडे बोट केलं. मग सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा इंग्रजीत म्हणाला, "ही माझ्या आईने केलीय. गावी ती फडेही याच हाताने बांधायची!"

डोरीन आंटी आल्या. त्यांनी दोन्हीकडची वेटोळी पाहिली आणि आसावरीबाईंपुढे दाभण धरत म्हणाल्या, "घाल बरं एक टाका."

आसावरीबाईंचा उजवा हात पुढे आला. आंटी खो खो हसत सुटल्या.

पाच मिनिटांत कार्ड बदललं. राकेशची लाज गेली, ती त्याला परत नकोच होती. भीमाबाईंचं एक बोट टोचलं. बाकी सगळी किंमत भरली आसावरीबाईंनी: सहा रविवार, गाडीचं पेट्रोल, नवी कोरी पैठणी आणि पुढे आलेल्या त्या उजव्या हाताचा, स्मरणिकेसाठीचा फोटो. तो नीनाने काढला.