दोन्ही ठेवा

“कुठली मूल्यं चालतील ते प्रोग्रामचं पॅकेज बांधायच्या सूचनांत, रेसिपीत, लिहून टाक, उन्नती. तिसरं काही आलं तर पॅकेज बांधायचंच नाही, तिथेच थांबायचं,” ऑफिसात तिचे वरिष्ठ फेबियन सर म्हणाले होते.

उन्नतीचा जीव चंदनसारच्या पाळणाघरातल्या लेकीत अडकलेला. “सर, ओल्ड नाहीतर न्यू. तिसरं कोण कशाला टाईप करेल?”

“लोक करतात गं.”

तिने ते हसण्यावारी नेलं.

सातिवलीच्या बर्फ कारखान्यात अमोनियाची गळती ओळखणारे दोन सेन्सर होते, एक जुना, एक नवा. त्यातला कुठला ऐकून भोंगा वाजवायचा, हे लिनक्सवरचा तिचा प्रोग्राम बांधतानाच सांगावं लागे. तो बसवायला गेलेल्या तिच्या सहकाऱ्याने, जितेंद्रने, तिथले जुने कामगार क्लेमेंट यांना विचारलं, कुठला ठेवू?

“दोन्ही ठेवा, बाबा. नव्याने एक पावसाळा काढल्याबिगर जुनं मोडीत घालत नाय आम्ही.”

जितेंद्रने ‘बोथ’ टाईप केलं. पॅकेज निमूटपणे बांधलं गेलं. बटण दाबून नुसता भोंगा वाजवून पाहिला, सगळे चहाला गेले. ‘बोथ’ म्हणजे ओल्डही नव्हे, न्यूही नव्हे; प्रोग्राम आता कुणाचंच ऐकत नव्हता.

गळती झाली तेव्हा क्लेमेंट भोंग्याच्या भरवशावर आत झडप आवळत होते. वाचले, पण फुप्फुसं भाजून निघाली.

उन्नती घरी भेटायला गेली. त्यांच्या बायकोने, सेलिनने, पाणी दिलं. “कंपनीतली ना तू? हे म्हणतात, मशीन चांगलंच होतं तुमचं. भोंगा यांनाच ऐकू आला नसेल.”

“कान गेले गं, बाय,” क्लेमेंट धापा टाकत हसले. “डॉक्टरला दाखवायचेत.”

उन्नतीने तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांना ढास लागली, आणि शब्द राहिले ते राहिलेच.

रेसिपीत आता ओल्ड, न्यू, बोथ अशी तिन्ही मूल्यं आहेत, आणि ‘बोथ’ला प्रोग्राम दोन्ही सेन्सर ऐकतो. तिने मुद्दाम भलतंच टाईप करून पाहिलं. पॅकेज बांधणं जागीच थांबलं. एका ओळीचं काम. पाळणाघरात पोचायला उशीरसुद्धा झाला नसता.

रात्री लेक झोपली की ती तिच्या नाकाशी बोट धरून बसते. पुन्हा क्लेमेंटच्या दारात जायचं बळ तिच्यात नाही. म्हणून तुम्हालाच सांगणं आहे. वसईला गेलात तर चर्चमागच्या आळीत क्लेमेंटचं घर विचारा. ओट्यावर असतील. श्वास कसा चाललाय, तेवढं बघा. आणि कान दाखवायला निघाले असतील, तर बसवा त्यांना. म्हणावं, कान चांगले आहेत तुमचे.