जमारियाचं चौथं बोट

वर्नेलबाई ट्रिबल चिडल्या की त्यांचा आवाज रस्त्यापलीकडच्या न्हाव्याच्या दुकानात ऐकू जातो, हे मेकन गावात सगळ्यांना ठाऊक होतं. नावाआधी डॉक्टर, जन्म गेला विद्यापीठात मास्तर घडवण्यात, पण राग मात्र खास घरचा, आईकडून आलेला. आणि त्या शुक्रवारी सकाळी तर चिडायला कारणही तसंच होतं. ओझेल पार्क्स त्यांच्या स्वयंपाकघरात बसून रडत होती. ओझेल म्हणजे बालमैत्रीण, माउंट नेबो चर्चमध्ये दारावर उभं राहून लोकांना जागा दाखवणाऱ्या सेवेकऱ्यांची प्रमुख. नवरा गेला तेव्हाही जिनं चारचौघांत डोळ्याला रुमाल लावला नाही, ती.

"पुरे आता. नीट सांग," वर्नेलबाईंनी कॉफीचा कप तिच्यापुढे सरकवला.

"काय सांगू, वर्ने! अकराला शाळेत बोलावलंय. सही मागतायत. माझ्या जमारियाला त्या मागच्या खोलीत घालणार."

मागची खोली म्हणजे काय हे वर्नेलबाईंना सांगायची गरज नव्हती. शाळेत निम्मी मुलं गोरी, निम्मी काळी. पण कॉरिडॉरच्या टोकाच्या त्या खोलीत डोकावलं की गोरं पोर शोधावं लागे. नाव 'विशेष शिक्षण', आणि शिक्षण म्हणजे दिवसभर रंगवायची चित्रं. तिथं एकदा गेलेलं पोर परत आपल्या वर्गात आल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"का घालणार? झालं काय?"

"म्हणतात, बोलत नाही पोरगी. दोनदा परीक्षा घेतली, दोन्ही वेळा तोंडातून शब्द नाही. समजच नाही म्हणे तिला."

"कोण, जमारिया?" वर्नेलबाईंचा आवाज रस्ता ओलांडून गेला. "अगं, गेल्या रविवारी माझ्या टोपीकडे बघून मला म्हणाली, डॉक्टर, हा पक्षी मेलाय की झोपलाय? ती बोलत नाही?"

ओझेलला रडता रडता हसू आलं. जमारिया तिच्या बहिणीची नात, आठ वर्षांची. आई टेक्ससला नोकरीला, त्यामुळे पोरीचं सगळं ओझेलच बघायची, आणि सहीसुद्धा तिचीच लागणार होती.

"तू येशील ना?" ओझेलनं विचारलं. "तू चार इंग्रजी शब्द फेकलेस की ते ऐकतील."

वर्नेलबाई उठल्याच. त्यांचा धाकटा भाऊ लॉनी अशाच एका खोलीत गेला होता. काळ्या-गोऱ्यांच्या शाळा एक झाल्या त्या वर्षी लॉनी अकरा वर्षांचा होता. बोलताना अडखळायचा, एवढाच त्याचा गुन्हा. नव्या शाळेनं त्याला तळघरातल्या वर्गात नेऊन बसवलं, आणि सोळाव्या वर्षी तो तिथून बाहेर पडला तेव्हा त्याला रस्त्यावरची पाटी वाचता येत नव्हती. चर्चमध्ये मात्र हाच लॉनी प्रार्थना सांगायला उभा राहायचा. शब्द घशात अडकला की बाकांवरून म्हाताऱ्या बायका हाका द्यायच्या, "सावकाश, बाळा, सावकाश!" आणि शब्द यायचा. वर्नेलबाईंनी पुढे जे काही लिहिलं, शिकवलं, ज्या कचेऱ्यांची दारं ठोठावली, त्या सगळ्याच्या मुळाशी लॉनी होता. निवृत्तीला आता एकच महिना उरला होता.

शाळेत मुख्याध्यापक प्रुइट हसून उभे राहिले. गोरापान, गोड बोलणारा माणूस. शेजारी मुलांच्या परीक्षा घेणारी हॅली ब्रँडन, तिशीतली, डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं. वर्नेलबाईंनी बसता बसता तोफ डागली. कुठल्या राज्यात काय चाललंय, किती काळी मुलं उगाच वेगळी काढली जातात, सगळं धडाधड मांडलं. प्रुइटसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"डॉक्टर, तुमच्या कामाबद्दल मला फार आदर आहे," ते म्हणाले. "पण हे सगळ्या देशाचं झालं. इथं प्रश्न एका मुलीचा आहे. ती मुलगी उत्तर देत नाही, त्याचं काय?"

वर्नेलबाईंचा आयुष्यभराचा अभ्यास टेबलावर पडला होता आणि त्यातला एक कागदही जमारियाबद्दल बोलत नव्हता. ओझेल त्यांच्याकडे आशेनं बघत होती. वर्नेलबाईंनी नजर चुकवली.

"मला वाईट वाटतं हो," हॅली म्हणाली, आणि तिला खरंच वाटत होतं. "मी खूप प्रयत्न केला. तुमच्यासमोर विचारू का? तुम्हीच बघा."

जमारियाला बोलावलं. वेण्यांच्या टोकांना निळे मणी, पायात चकचकीत काळे बूट. दारात ओझेलनं तिची कॉलर सारखी केली आणि हळूच बजावलं, "नीट वागायचं हं. दारावर सेवेला उभी आहेस असं समज."

पोरगी ताठ झाली. डावा हात पाठीमागे गेला, हनुवटी वर, नजर समोर.

हॅलीनं एक चित्र पुढे धरलं. तळं, बदकं. "जमारिया, किती बदकं दिसतात?"

ओठ मिटलेलेच. हॅली थांबली, पुन्हा विचारलं. ओझेलचा जीव टांगणीला लागला. "बोल ना गं राणी," ती पुटपुटली. पोरीचा उजवा हात तेवढा फ्रॉकच्या शिवणीपाशी जरासा हलला.

"बघितलंत?" हॅली हळू आवाजात म्हणाली. "हे बोटांचं चाळवणं. दर वेळी असंच. यालाही काही अर्थ नाही."

वर्नेलबाईंनी बघितलं. तीन बोटं सरळ, चौथं अर्धं वाकडं. त्या खुर्चीत पुढे सरकल्या.

"आता आणखी काही विचारा," त्या म्हणाल्या. "काहीही."

"या खोलीत माणसं किती?"

शिवणीपाशी चार बोटं उघडली. क्षणभर विचार झाला, आणि अंगठाही उघडला.

"अरे देवा!" वर्नेलबाई उठूनच उभ्या राहिल्या. "ओझेल! परीक्षेच्या दिवशी सकाळी काय सांगितलं होतंस हिला?"

"मी? काही नाही. हेच आपलं, की नीट वाग, सेवेला उभी आहेस असं..." ओझेलनं तोंडावर हात ठेवला.

"दोन्ही दिवशी?"

"दोन्ही दिवशी," ओझेल बोटांमधून म्हणाली.

"अगं बये! काय केलंस हे!"

माउंट नेबोत सेवेला उभं राहिलेल्या माणसानं तोंड उघडायचं नसतं. पांढरे कपडे, पांढरे हातमोजे, डावा हात पाठीशी, आणि जे काय बोलायचं ते उजव्या हातानं. बाकावर तीन जागा रिकाम्या असतील तर कमरेपाशी तीन बोटं. एखादी जागा होईल न होईल अशी असेल तर एक बोट वाकडं. दारावरून पार पुढच्या रांगेपर्यंत निरोप जातो आणि प्रार्थनेत खंड पडत नाही. ओझेलच्या हाताखाली बोलणाऱ्या पोराची धडगत नसे. जमारिया तिची सगळ्यात गुणी सेवेकरी होती.

वर्नेलबाईंना पन्नासहून अधिक वर्षांपूर्वीची आपली सेवेची जागा आठवली, डाव्या दाराची. त्या जमारियाच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या, डावा हात पाठीशी घेतला, आणि उजवा हात छातीवर आडवा धरून हळूच खाली सोडला. याचा अर्थ, तुझी पाळी संपली, आता मी आहे.

जमारियानं एक मोठा श्वास सोडला आणि धरण फुटलं.

"तीन बदकं आहेत आणि एकानं बुडी मारलीय, त्याची नुसती शेपटी दिसतेय, ते धरलं तर चार. आणि खोलीत चार माणसं, पण मला धरलं तर पाच. मागच्या वेळी तुम्ही विचारलं होतंत पावसात काय नेतात, तर छत्री. पण आंटीची छत्री मोडलीय, ती डोक्यावर पिशवी घेते."

"जमारिया!" ओझेल म्हणाली.

हॅलीनं चित्र डोळ्यांजवळ नेलं. तळ्याच्या कडेला, गवतात, खरंच एक शेपटी होती. तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला. "हे तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की!" जमारिया म्हणाली. "तुम्ही बघत नव्हता."

हॅलीनं चित्र टेबलावर ठेवलं. मग प्रुइटसाहेबांनी घसा साफ केला आणि कागद गोळा करायला घेतले. "चला, सगळा गैरसमजच होता म्हणायचा. काही अडचण नाही. जमारिया आपल्या वर्गात परत जाईल. सुंदर!"

ओझेलनं पर्स काखेत मारली. वर्नेलबाईंना तर नाचावंसं वाटत होतं. जाता जाता त्यांनी सहज ते चित्र उचललं. खाली एक ओळ छापली होती. "हे काय लिहिलंय गं, बाळा?"

जमारियानं ओळीवरून बोट फिरवलं आणि झरझर म्हणून टाकलं, "बदकं आज आजीकडे जेवायला निघाली."

ओळीत आजी नव्हती, जेवणही नव्हतं. तळ्याचं पाणी गार आहे, एवढंच होतं. वर्नेलबाई तिच्यापुढे खाली वाकल्या. "खरं सांग. वाचलंस की रचलंस?"

पोरीनं बुटांकडे बघितलं. "रचलं. अक्षरं एका जागी थांबतच नाहीत. मी वर्गात दुसऱ्यांचं ऐकून पाठ करते."

"थांबा, साहेब," वर्नेलबाई म्हणाल्या.

"वर्ने, चल!" ओझेलनं त्यांची बाही ओढली. "जिंकलो ना आपण? आता कशाला खोदतेस? ऐकलं ना, वर्गात पाठवतायत!"

"जिंकलो कुठं? हिला वाचायला शिकवल्याशिवाय वर्गात पाठवलं तर ती दोन वर्षांनी पुन्हा याच टेबलाशी येईल." त्यांनी बाही सोडवून घेतली. "लॉनीलाही मदत हवीच होती, ओझेल. त्याला खोली मिळाली. मदत नाही मिळाली." मग त्या प्रुइटसाहेबांकडे वळल्या. "तुम्हाला दोनच गोष्टी येतात. एक तर पोराला कोपऱ्यात टाकायचं, नाहीतर वाऱ्यावर सोडायचं. मला तिसरी हवी. ही आपल्या वर्गातच बसणार, आणि वाचन शिकवणारा जाणता मास्तर रोज तिच्याकडे येणार. कायद्यानं तिचा हक्क आहे तो. आणि हे कागदावर उतरेपर्यंत मी या खुर्चीतून हलत नाही. दुपारचं जेवण इथंच मागवा. मला कोंबडी तळलेली चालते."

प्रुइटसाहेबांनी बजेटचं रडगाणं सुरू केलं. वर्नेलबाईंनी खुर्ची आणखी पुढे ओढली. मुलांना सांभाळायचं सोडून खोल्या सांभाळणाऱ्या साहेबांशी भांडण्यात त्यांची हयात गेली होती, तेव्हा याची काय कथा! तासाभरानं ओझेलनं सही केली ती या नव्या कागदावर.

दारापाशी हॅलीनं त्यांना गाठलं. तिचे डोळे भरले होते. "त्या मागच्या खोलीतली मुलं," ती म्हणाली. "त्यांनाही मीच तपासलंय. अशीच."

वर्नेलबाईंनी पुष्कळ वर्षं या क्षणासाठी एक झणझणीत वाक्य तयार ठेवलं होतं. ते त्यांनी गिळलं आणि पर्समधला रुमाल तिच्यापुढे धरला.

"सगळ्यांना पुन्हा तपासते मी," हॅली म्हणाली. "तुम्ही शेजारी बसाल? मला दिसत नाही ते दाखवाल?"

"मी पुढच्या महिन्यात निवृत्त होतेय, पोरी."

"कोण निवृत्त होतंय?" ओझेल मागून म्हणाली. "सोमवारी आठला येईल ती. मी स्वतः आणून सोडते."

पानगळीला माउंट नेबोनं वर्नेलबाईंच्या सन्मानाचं जेवण ठरवलं. चर्च खच्चून भरलं होतं. हॅली तिसऱ्या रांगेत, आणि तिच्या भोवतीनं मागच्या खोलीतून आपापल्या वर्गात परत गेलेली मुलं, त्यांच्या आया, मावश्या, बाप. काहींना मदत लागत होती, ती त्यांना आपल्या वर्गातच मिळत होती. त्या मागच्या खोलीत आता शाळेनं पियानो ठेवला होता.

सूचना वाचायला जमारिया उठली. पांढरा फ्रॉक, पांढरे हातमोजे. ओझेलनं जपमाळेसारखी पर्सची साखळी हातात गच्च धरली.

"आज प्रार्थनेनंतर," जमारियानं बोट ओळीवर ठेवलं, "खालच्या सभागृहात... डॉक्टर वर्नेल ट्रिबल यांच्या..."

ती थांबली. पुढचा शब्द लांबलचक होता. बोट मागे सरकून पुन्हा त्याच्या पहिल्या अक्षराशी आलं. या वेळी पोरीला रचता आलं असतं, कुणाला कळलंही नसतं. तिनं रचलं नाही.

"सावकाश, बाळा!" मागच्या बाकावरून एक म्हातारी म्हणाली.

"सावकाश! घाई नाही कुणाला!"

"आहोत आम्ही इथं!"

"सावकाश!" सगळे गप्प झाल्यावर एकटी हॅली म्हणाली, आणि लाजून लाल झाली. तिच्या शेजारच्या बाईनं तिच्या मांडीवर थोपटलं.

"नि...वृत्ती... निवृत्तीनिमित्त!" जमारियानं शब्द पुरा केला आणि चर्च टाळ्यांनी दणाणलं. पण पोरगी कपाळाला आठ्या घालून कागदाकडेच बघत होती. "हे चुकीचं लिहिलंय," ती म्हणाली. "या निवृत्त नाहीत. या रोज आमच्या शाळेत येतात."

छप्पर उडेल असं हसले लोक. वर्नेलबाईंच्या डोळ्यांतून धारा लागल्या, आणि त्यांना समोर लॉनी दिसायला लागला, अकरा वर्षांचा, तोंड उघडून शब्दाची वाट बघणारा. चारचौघांत रडणं त्यांना पटत नसे. प्रार्थनेतून मध्येच उठणाऱ्यानं पाळायच्या रीतीप्रमाणे एक बोट वर धरून त्या बाहेर जायला उठल्या.

व्यासपीठावरून जमारियानं त्यांना पाहिलं. तिनं डावा हात पाठीशी घेतला, आणि पांढऱ्या मोज्यातला उजवा पंजा पालथा करून हळूच खाली दाबला. बसून घ्या.

आणि आयुष्यात कधी कुणाच्या सांगण्यावरून न बसलेली वर्नेल ट्रिबल निमूटपणे आपल्या जागी बसली.